चाळीस नळ्यांची किल्ली

"सतरा नंबर, अकरा."

बंद दाराआडून मृदुलाताईचा आवाज आला. मग घडी घातलेल्या टॉवेलावर काचेची नळी तीनदा आपटल्याचा आवाज, मग दहा सेकंद चिडीचूप, मग सुतारमामांचं "झालं."

"अठरा नंबर, सहा."

मी बाहेरच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानावर अठराच्या पुढे सहा लिहिलं आणि माझं तोंड कडू झालं. अठरा नंबरच्या माश्यांना औषध दिलेलं होतं. त्यांनी वर चढायला हवं होतं. हे त्या इमारतीत फक्त मला ठाऊक होतं, आणि नेमकं म्हणूनच ते आकडे ऐकायला मी तिथे असायला नको होते.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या बागेवाडी सरांची फळमाश्यांची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर दोन खोल्या, मध्ये एक बोळ आणि नळ्यांत कोंडलेल्या काही हजार माश्या, पिकल्या केळ्यावर भुणभुणतात त्याच. गडहिंग्लजला घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "माश्या मारायला कोल्हापूर कशाला गाठलंस? दुकानात बसून मी तेच करतो की." पण माझ्या वर्गातल्या साठ जणांतून सरांनी दोघांनाच आत घेतलं होतं. त्यातला एक आठवड्यात पळाला. मी राहिले.

पहिले सहा महिने मी नळ्या धुतल्या, कापसाचे बोळे वळले आणि सुतारमामांच्या हाताखाली माश्यांचं जेवण शिजवलं. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट. मामा प्रयोगशाळेचे शिपाई, पण पातेल्यापुढे उभे राहिले की आचारी. "ढवळ, ढवळ, गुठळी झाली तर माशी उपाशी मरंल," म्हणायचे. बाकी सगळं मला मृदुलाताईनं शिकवलं. नर कुठला, मादी कुठली, ब्रशनं माशी सरकवायची तर हात किती हलका हवा. तिच्या डब्यातली अर्धी भाकरी रोज माझी. मला सख्खी बहीण नाही, त्यामुळे सख्ख्या बहिणीवर किती जीव असतो ते मला सांगता येणार नाही. पण मृदुला तोडकरवर माझा जीव होता, एवढं छातीठोक सांगते.

ती पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाला होती. जूनमध्ये तिची मुदत संपत होती. भुदरगड तालुक्यातल्या तिच्या गावात तिची आई केव्हाच "आमची डाक्टर" म्हणायला लागली होती, आणि ताई सुट्टीला गेली की गुडघे दुखणाऱ्या बाया दारात येऊन बसायच्या. "त्यांना मी काय सांगू? तुम्हाला पंख असते तर बघितलं असतं?" असं म्हणून ती हसायची. पण हसताना ओठाचं साल दातानं ओढायची. एवढ्यासाठी घरच्यांनी तिची तीन स्थळं परत पाठवली होती, आणि एवढं हुकलं तर पुढे काय, ह्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

तिचा प्रयोग सोपा होता. तणनाशक मिसळलेलं अन्न खाल्लं की माश्यांचे पाय लुळे पडतात, चढता येत नाही. तिच्या गावच्या डोंगरात एक मुळी मिळते. धनगर ती अडखळणाऱ्या म्हाताऱ्या मेंढरांना देतात. त्या मुळीच्या अर्कानं लुळ्या माश्या परत चढायला लागतात का, एवढंच बघायचं होतं. चाळीस नळ्या, प्रत्येकीत वीस माश्या. सगळ्यांना तणनाशक, पण वीस नळ्यांना मुळीचा अर्क आणि विसांना नुसतंच. नळी आपटून माश्या तळाला पाडायच्या आणि दहा सेकंदांत रेघेच्या वर किती गेल्या ते मोजायचं.

पण मोजणाऱ्या माणसाला कुठली नळी अर्काची ते कळता कामा नये. कळलं की डोळा लबाडी करतो, असं सर म्हणायचे. रेघेवर घुटमळणारी माशी हवी तिथे वर दिसते, नको तिथे खाली. म्हणून सरांचा वीस वर्षांचा नियम होता. नळ्या भरायच्या, चिठ्ठ्या टाकून त्यांना नंबर द्यायचे आणि कुठल्या नंबरात काय आहे त्याचा कागद आपल्यापाशी ठेवायचा, हे काम प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत लहान पोराचं. त्या कागदाला आम्ही किल्ली म्हणायचो. कागद एकच. "दोन कागद झाले की दोन तोंडं होतात," सर म्हणायचे. आणि किल्ली लहानाकडेच का? तर त्याला निकालाचं काही देणंघेणं नसतं. पीएच.डी. त्याची नाही, नाव त्याचं नाही. तो कशाला खोटं करेल?

सर हुशार होते, पण एकोणीस वर्षांची पोरगी काय चीज असते, ते त्यांना माहीत नव्हतं.

किल्लीवाल्यानं मोजणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, आकडे विचारायचे नाहीत, हेही त्याच नियमात होतं. मी पाय ठेवला नाही. विचारलंही नाही. फक्त दाराबाहेर बसले. ताईचा आवाज खणखणीत होता आणि दाराला खाली दोन बोटं फट होती.

तीन आठवडे मोजणी चालली. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी पातेलं घासत होते, तर ताई येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. डोळे सुजलेले होते. रडली असावी, किंवा रात्रभर लिहीत बसली असावी. रडलीय, असंच मी धरलं.

"अनुजा," ती म्हणाली, "काहीच फरक निघाला नाही तर काय करायचं गं?"

"असं का म्हणतेस? निघेल की."

"नाही, समजा. समजा, नाहीच निघाला."

मी खाली मान घालून घासत राहिले. माझ्या वहीच्या मागच्या पानावर उत्तर लिहिलेलं होतं. फरक नव्हता. अर्काच्या नळ्यांत सरासरी नऊ, नुसत्या नळ्यांतही नऊ. धनगरांची मेंढरं कशानं बरी होत असतील ती होवोत, माश्या काही बऱ्या होत नव्हत्या.

"निघेल ताई," मी परत म्हटलं. "माझं मन सांगतंय."

ती माझ्याकडे बघून हसली, माझ्या गालाला लागलेलं पीठ तिनं पुसलं आणि गेली.

त्या रविवारी होस्टेलच्या खोलीत मी एकटीच होते. किल्ली समोर ठेवली, वही समोर ठेवली. नुसत्या नळ्यांतल्या जास्त चढलेल्या सात शोधल्या, अर्काच्या नळ्यांतल्या कमी चढलेल्या सात शोधल्या. नव्या कोऱ्या कागदावर, त्याच पेनानं, तीच तारीख घालून, मी किल्ली पुन्हा लिहिली. सातांच्या जागी सात. जुना कागद फाडून बेसिनमध्ये ओला केला आणि टाकून दिला. अर्धा तासही लागला नाही. वाईट वाटलं नाही. उलट मला फार बरं वाटत होतं. ताईवरच्या प्रेमापायी केलं हे खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी नशीब माझ्या हातात होतं आणि ते हातात धरायला मला आवडलं होतं. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

किल्ली उघडली त्या दिवशी सरांनी पेढे मागवले. त्यांनी स्वतः दोनदा गणित केलं. अर्काच्या नळ्यांत अकरा, नुसत्या नळ्यांत सात. "योगायोगानं असं व्हायची शक्यता हजारात एक," ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले. ताईनं आधी तो कागद हातात घेतला, मग माझा हात. तिचे हात बर्फासारखे होते. "निघाला गं," ती म्हणाली. "निघाला."

त्या आनंदाचं आयुष्य दोन महिने. ऑक्टोबरात ताई हैदराबादला परिषदेत जाऊन बोलून आली. दोन मोठ्या संस्थांनी मुळी मागवून घेतली. सर म्हणाले, "आता नीट दुसऱ्यांदा करू, छापायचं तर एवढ्यावर भागणार नाही." दुसऱ्या खेपेला किल्ली त्यांनी स्वतःकडे ठेवली, कारण एवढा मोठा निकाल असला की तसा त्यांचा रिवाज होता. मी तेव्हाही पातेलं घासत होते. दुसऱ्या खेपेला नऊ आणि नऊ. तिसऱ्या खेपेला साडेनऊ आणि नऊ. ताई चौथ्यांदा करायला निघाली. मुळी जुनी झाली असेल म्हणून गावी जाऊन उन्हातान्हात नवी खणून आणली. पाणी बदललं, गूळ बदलला. तिच्या हाताला कंप सुटला तेव्हा मामा मला म्हणाले, "ही पोरगी माश्यांगत हुईल की काय बघ." मी मामांवर उगाच खेकसले. त्यानंतर एका संस्थेचं पत्र आलं. त्यांनाही काही दिसलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर ताईचं मोजणीचं रजिस्टर होतं आणि शेजारी किल्ली, माझ्या अक्षरातली.

"मृदुला, बस." ती उभीच राहिली. "ह्या रजिस्टरवर रोजच्या रोज मामांची सही आहे. मागाहून आकडे बदलले असं मी म्हणू शकत नाही. योगायोग म्हणावा तर हजारात एक. मग राहतं काय?"

"मला नाही कळत सर. चार महिने मी तेच शोधतेय."

"राहतं एकच. मोजताना तुला माहीत होतं, कुठली नळी कुठली ते."

ताईनं त्या कागदावर बोट ठेवलं. "कसं माहीत असेल सर? किल्ली अनुजाकडे होती."

सर माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. ते थकलेले दिसत होते. पाच वर्षं त्यांनीही ह्या कामावर घालवली होती. "अनुजा, मला नीट आठवून सांग. किल्ली सारखी तुझ्याजवळच होती?"

इथे मी सगळं सांगू शकले असते. तोंड उघडलंही होतं.

"नाही सर," मी म्हटलं. "सॅकमध्ये असायची."

"आणि सॅक?"

"बोळात खुंटीला, सर."

"तू लेक्चरला जायचीस तेव्हा?"

"तेव्हाही खुंटीलाच असायची."

ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता. सॅक खरंच तिथे असायची, उघडी, कुणीही हात घालावा अशी. मी फक्त विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. खोटं बोलायला जिगर लागते हो, माझ्यात तेवढीही नव्हती. मी खऱ्यानंच तिचा गळा कापला.

ताई हळूच माझ्याकडे वळली. "अनुजा, मी कधी तुझ्या सॅकला हात लावला का गं?"

"मी... मी तिथे नसायचे ना ताई. लेक्चरला असायचे."

सरांनी रजिस्टर मिटलं. "मृदुला, मला ह्यावर जास्त बोलवत नाही. हैदराबादच्या लोकांना मी आज पत्र लिहितो की ते काम मागे घेतो. तुझ्या प्रबंधावर माझी सही होणार नाही. विद्यापीठाला मी काही कळवणार नाही, तेवढं मी तुझ्यासाठी करीन. तू आपण होऊन नाव काढून घे."

ती रडली नाही, भांडली नाही. "बरं सर," म्हणाली आणि बाहेर गेली.

तीन वाजता मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा ती तिचं कपाट आवरत होती. ब्रश एका डब्यात, नळ्या धुऊन पालथ्या. मला बघून तिनं एक फाईल पुढे केली.

"वाच."

तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण होतं. पहिलीच ओळ अशी होती की रानमुळीच्या अर्कानं माश्यांच्या चढण्यात काही फरक पडत नाही. खाली ऑगस्टची तारीख. किल्ली उघडण्याच्या आधीची.

"हे कधी लिहिलंस?" मी विचारलं.

"सरांचा आणखी एक नियम आहे. तुला माहीत नसेल, तो पीएच.डी.वाल्यांना असतो. किल्ली उघडायच्या आधी दोन्ही प्रकरणं लिहून काढायची. फरक पडला तर एक, नाही पडला तर एक. म्हणजे मग निकालाची भीती राहत नाही." ती फाईलीची दोरी बांधत होती. "तेव्हा मी ह्याच्यावर रात्री जागत होते. तुला विचारलंही होतं बघ, नाही निघाला तर काय करायचं म्हणून. शेवट कसा करावा ते मला सुचत नव्हतं. सरांनी दोन्ही वाचली. हे जास्त चांगलं उतरलंय म्हणाले. ह्याच्यावरही सही करणार होते. खुशीनं."



"म्हणजे... फरक नसता तरी तुला...?"

"मिळालीच असती पीएच.डी. 'नाही' हेसुद्धा उत्तरच असतं की गं. पाच वर्षांनी 'नाही' म्हणायला वाईट वाटलं असतं, एवढंच." ती माझ्याकडे बघायला लागली, आणि मला तिच्या डोळ्यांत बघवेना. "अनुजा, मी तुझ्या सॅकला हात लावलेला नाही. हे मला माहीत आहे. आणि अजून एकाच माणसाला माहीत आहे."

मी पालथ्या नळ्या सरळ रांगेत लावायला लागले.

"मी तुला काही विचारत नाही. का केलं तेही विचारत नाही, कारण ते मला कळलं असं मला वाटतं." तिनं स्टूल ओढलं आणि खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेऊन. "सर पाचपर्यंत केबिनमध्ये आहेत. पत्र अजून टाकलेलं नाही. तू जाऊन ये. मी इथेच बसलेय."

मी गेले. खरंच गेले. बोळातून चालताना मी वाक्य जुळवलं होतं, सर, किल्ली मी पुन्हा लिहिली. पाच शब्द. दारावर टकटक केली. सर टेबलाशी पत्र लिहीत होते. त्यांनी मान वर केली, आणि मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "ये बाळ. तू मनाला लावून घेऊ नको. तुझी काही चूक नाही. एवढ्या लहान पोरीवर मी असली जबाबदारी टाकायला नको होती. चूक माझी आहे. तू आज खरं सांगितलंस, ह्याचं मला बरं वाटलं."

मी उंबऱ्यावर उभी होते. आता हे सांगितलं तर सकाळचं खरंही खोटं ठरणार होतं. माझं नाव जाणार, कॉलेज जाणार, गडहिंग्लजच्या दुकानात वडिलांना लोक विचारणार. हा सगळा हिशेब मी दोन श्वासांत केला. माणूस स्वतःसाठी किती भराभर हिशेब करतो!

"काय काम होतं?" सरांनी विचारलं.

"सर," मी म्हटलं, "दोन दिवस घरी जाऊ का?"

"जा. विश्रांती घे."

केबिनबाहेर डावीकडे बोळ होता, त्याच्या शेवटी ती बसलेली होती. उजवीकडे जिना होता. मी उजवीकडे वळले. साडेचारची गडहिंग्लज गाडी मला मिळाली, खिडकीची जागाही मिळाली.

पुढे माझं सगळं चांगलं झालं. सरांनी पुण्याला पाठवताना लिहिलेल्या शिफारसपत्रात माझ्या सचोटीवर एक अख्खा परिच्छेद होता. आज माझ्या हाताखाली सहा विद्यार्थी आहेत. मृदुलाताईला मी कधी शोधलं नाही. सापडली तर काय, ह्याची भीती वाटते.

दोन दिवसांनी मी परत आले तेव्हा खिडकीशी स्टूल तसंच होतं. कपाट रिकामं होतं. सुतारमामा पातेलं चढवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मामा, ताई गेली?"

"गेल्या."

"त्या दिवशीच?"

मामांनी ढवळणं थांबवलं. "पाचाला सर गेले. मी म्हटलं, ताई, चला, कुलूप घालतो. तर म्हणल्या, थांबा जरा मामा, अनुजा यायचीय. सहाला म्हटलं, तर तेच. सातला म्हटलं, तर म्हणल्या, आता येईलच ती, लहान हाय, धीर गोळा कराय येळ लागतो तिला." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "शेवटी साडेसातला मीच दिवं घालिवलं. तवा उठल्या."

पातेल्यात गुठळ्या व्हायला लागल्या होत्या. मामांनी पळी माझ्या हातात दिली नाही, स्वतःच ढवळायला लागले.

"तू यायची हुतीस न्हवं?" त्यांनी विचारलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं, नुसतं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "यायची होते."